शेत वाटलं, विहीरही वाटली : एएमडीच्या आरडीएनए–सीडीएनए वाटणीचा प्रकरण अभ्यास

५ मार्च २०२० रोजी चिप बनवणाऱ्या एएमडीने कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे शेअर बाजाराच्या विश्लेषकांसमोर जाहीर केलं की, यापुढे आपल्या ग्राफिक्स चिपची रचना एक राहणार नाही. गेमसाठी आरडीएनए आणि डेटा सेंटरसाठी सीडीएनए अशा दोन वाटा होतील. अठरा दिवसांनी, २३ मार्चला, प्रतिस्पर्धी एनव्हिडियाने डीएलएसएस २.० आणलं. गेमचं चित्र कमी पिक्सेलमध्ये काढायचं आणि बाकीचं न्यूरल नेटवर्ककडून भरून घ्यायचं, हे तंत्र त्या आवृत्तीत पहिल्यांदा मनासारखं जमलं. एका कंपनीने गेम आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्यामध्ये बांध घातला, त्याच महिन्यात दुसरीने दाखवून दिलं की पाणी बांधाखालून केव्हाच पाझरलं आहे.

साडेचार वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनाच्या वेळी एएमडीचे वरिष्ठ उपाध्यक्ष जॅक ह्युइन यांनी सांगितलं की दोन्ही रचना पुन्हा एकत्र आणायच्या आहेत. त्या एकत्रित रचनेला त्यांनी यूडीएनए हे नावही दिलं.

या साडेचार वर्षांचा अर्थ बहुतेक जण एका वाक्यात लावतात : वाटणी केली हीच चूक. मला ते पटत नाही. आपल्याकडे शेतकरी घरात वाटणी होते तेव्हा जमिनीचे तुकडे पडतात, गोठे वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात. पण शहाणी माणसं विहीर सामाईक ठेवतात आणि पाण्याच्या पाळ्या लावून घेतात. एएमडीने जमीन वाटली हे बरोबरच होतं. त्यांनी विहीरही, म्हणजे सॉफ्टवेअरचा सामाईक पायाही वाटला, तिथे घात झाला. हे मत कशावरून बनलं ते पुढे सविस्तर मांडतो.

घर एकत्र होतं तेव्हा

एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली. त्या घराण्यातून पुढे जीसीएन ही रचना आली आणि जानेवारी २०१२ मध्ये रेडिऑन एचडी ७९७० या कार्डाच्या रूपाने दुकानात पोचली. पुढची सात वर्षं गेमिंग कार्ड, सर्व्हरचं कार्ड, २०१३ चे प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन, सगळं याच रचनेवर चाललं.

जीसीएनचा स्वभाव गणिताचा होता. ग्राफिक्स चिपमध्ये एकेक धागा (थ्रेड, म्हणजे एकेक छोटं काम) सुटा धावत नाही. धाग्यांच्या तुकड्या करून एका आज्ञेवर सगळी तुकडी हलवतात. जीसीएनमध्ये तुकडी ६४ धाग्यांची होती आणि ती १६ रुंदीच्या गणकावर चार फेऱ्यांत पार पडायची. हवामानाचं प्रारूप किंवा मोठ्या सारण्यांचा (मॅट्रिक्सचा) गुणाकार असेल, तर लाखो धागे एकसारखं काम करत असतात आणि ही मांडणी उत्तम चालते. गेमचं काम तसं नसतं. एका फ्रेममध्ये शेकडो लहानमोठी कामं येतात, एकाचं उत्तर आल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही, आणि ‘सावली असेल तर हे कर, नसेल तर ते कर’ अशा फाट्यांवर तुकडी फुटते. तुकडी जितकी मोठी, तितके धागे फाट्यावर नुसते उभे राहतात.

याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे ऑगस्ट २०१७ चं व्हेगा ६४. या चिपचं क्षेत्रफळ जवळपास ४९० चौरस मिलिमीटर, ट्रान्झिस्टर साडेबारा अब्ज, महागडी एचबीएम२ मेमरी, कागदावरची ताकद १२.६६ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी) आणि वीज २९५ वॉट. समोर पंधरा महिने आधी आलेलं एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० होतं : ३१४ चौरस मिलिमीटर, सुमारे ८.९ टेराफ्लॉप, १८० वॉट. गेममध्ये दोघं साधारण बरोबरीत. कागदावर चाळीस टक्क्यांहून जास्त ताकद असूनही पडद्यावर फक्त बरोबरी! ज्यांना गणितच करायचं होतं, त्या क्रिप्टो खाणवाल्यांनी मात्र हे कार्ड उचललं. एकाच चिपवर दोन धन्यांची चाकरी लादली की काय होतं, ते या आकड्यांत दिसतं.

पैशाची बाजूही लक्षात घ्यायला हवी. २०१५ मध्ये एएमडीचा तोटा ६६ कोटी डॉलर होता. लिसा सू २०१४ च्या ऑक्टोबरात मुख्य कार्यकारी झाल्या, तेव्हा कंपनी टिकेल का हाच प्रश्न होता, आणि त्यांनी आधी प्रोसेसरवर पैसा लावला. २०१९ मध्ये एएमडीचा संशोधनावरचा सगळा खर्च सुमारे १.५५ अब्ज डॉलर होता, तोही प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून. एनव्हिडियाचा त्याच सुमाराचा वार्षिक खर्च २.८३ अब्ज, आणि बहुतांश एकाच दिशेने. हात आखडता असलेल्या घराने दोन रचना का सांभाळाव्यात, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता.

वाटणी

जुलै २०१९ मध्ये आरडीएनएचं पहिलं कार्ड, आरएक्स ५७०० एक्सटी, आलं आणि त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. आरडीएनएमध्ये तुकडी ३२ धाग्यांची केली आणि ती ३२ रुंदीच्या गणकावर एका फेरीत पार पडू लागली. कॅशच्या (चिपमधल्या जवळच्या, वेगवान मेमरीच्या) उतरंडीत मध्ये एक नवा थर घातला, म्हणजे माहितीसाठी लांब जायची वेळ कमी आली. चिप २५१ चौरस मिलिमीटरची, ताकद ९.७५ टेराफ्लॉप, वीज २२५ वॉट. कागदावर व्हेगा ६४ पेक्षा दुबळी असलेली ही चिप बहुतेक गेममध्ये त्याच्या पुढे गेली. यात सात नॅनोमीटरच्या नव्या प्रक्रियेचाही वाटा होता, पण रचनेचा वाटा मोठा होता. ३९९ डॉलरच्या त्या कार्डाने एएमडीच्या गेमिंग गटाला बऱ्याच दिवसांनी ताठ मानेने बोलता आलं.

मग दुसरी बाजू. नोव्हेंबर २०२० मध्ये इन्स्टिंक्ट एमआय१०० आलं, सीडीएनएचं पहिलं अपत्य. त्यातून त्रिकोणांचे पिक्सेल करणारे भाग, टेसेलेशन, रंग मिसळणारे भाग आणि पडद्याला जोडणारं इंजिन, सगळं काढून टाकलं. मोकळ्या झालेल्या जागेत १२० कॉम्प्युट युनिट (गणकांचे गट) आणि सारण्यांचा गुणाकार करणारे मॅट्रिक्स कोअर बसवले. ६४ बिटच्या अचूक गणितात ते ११.५ टेराफ्लॉपपर्यंत जायचं. गेमला अशा अचूकतेची गरज नसते, अणुभौतिकीला असते. गेमिंग कार्डात त्यासाठी सिलिकॉन खर्च करणं म्हणजे ग्राहकाच्या खिशातून दुसऱ्याचं बिल भरणं.

इथपर्यंतचा प्रत्येक निर्णय मला आजही योग्य वाटतो. त्या टेबलावर मी असतो, तर मीही हात वर केला असता.

फळंही मिळाली. आरडीएनए २ ही नोव्हेंबर २०२० च्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये गेली. आरएक्स ६८०० एक्सटीने त्याच महिन्यात एनव्हिडियाच्या वरच्या कार्डांशी पारंपरिक गेममध्ये बरोबरीची टक्कर दिली. सीडीएनए २ वर उभा राहिलेला, अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेचा फ्रंटियर मे २०२२ मध्ये १.१०२ एक्झाफ्लॉप (एक एक्झाफ्लॉप म्हणजे दहा लाख टेराफ्लॉप) मोजून जगातला पहिला अधिकृत एक्झास्केल महासंगणक ठरला. त्यात ३७,८८८ एएमडी ग्राफिक्स चिप आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये एल कॅपिटनने त्याला मागे टाकलं, आणि तोही एएमडीचाच, एमआय३००एवर चालणारा. दोन्ही भाऊ आपापल्या शेतात चांगलं पीक काढत होते.

एनव्हिडियाचीही वाटणी झाली होती

हा मुद्दा चर्चेत नेहमी निसटतो. एनव्हिडियाने गेमिंग आणि डेटा सेंटरसाठी एकच चिप विकली, असं अजिबात नाही. २०१६ च्या पास्कल पिढीत जीपी१०० ही सर्व्हरची चिप होती आणि जीपी१०४ ही गेमची. दोन्हींची अंतर्गत मांडणी वेगळी. २०१७ ची व्होल्टा पिढी गेमिंग कार्डांच्या जीफोर्स या नावाखाली आलीच नाही. २०२२ च्या एच१०० मध्ये ग्राफिक्सचं काम करू शकणारे भाग इतके नावापुरते ठेवले आहेत की त्यावर कोणी गेम खेळणार नाही. जमिनीचे तुकडे त्यांनीही पाडले होते.

पण विहीर एकच. नोव्हेंबर २००६ मध्ये जीफोर्स ८८०० जीटीएक्स आलं तेव्हा त्याच्यासोबत कुडा, म्हणजे ग्राफिक्स चिपवर गणिताचे प्रोग्राम लिहायची एनव्हिडियाची व्यवस्था, जाहीर झालं, आणि तेव्हापासून प्रत्येक जीफोर्स कार्डावर कुडा चालतं, स्वस्तातल्या स्वस्त कार्डावरही. एनव्हिडियाच्या धाग्यांची तुकडी ३२ ची होती आणि आजही ३२ चीच आहे, मग कार्ड गेमचं असो की लाखो रुपयांचं सर्व्हरचं. शिवाय त्यांचा कंपायलर (प्रोग्राम चिपला कळेल असा करणारं सॉफ्टवेअर) प्रोग्रामचं रूपांतर पीटीएक्स नावाच्या मधल्या भाषेत करून ठेवू शकतो. नवी चिप आली की तिचा ड्रायव्हर ती मधली भाषा आपल्या चिपच्या भाषेत उतरवून घेतो. त्यामुळे चिपच्या पोटात काहीही बदललं, तरी वर बसलेल्या माणसाचं काम वाया जात नाही.

या विहिरीचं पाणी कुठवर गेलं, याचं उदाहरण २०१२ चं. टोरंटो विद्यापीठात ॲलेक्स क्रिझेव्स्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी ॲलेक्सनेट हे चित्रं ओळखणारं न्यूरल नेटवर्क शिकवलं ते दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर. तीन-तीन गिगाबाइट मेमरीची साधी गेमिंग कार्डं, पाच-सहा दिवस अखंड चालवलेली. इमेजनेट स्पर्धेत त्यांची चूक १५.३ टक्के आली आणि दुसऱ्या क्रमांकाची २६.२ टक्के. आजच्या सगळ्या लाटेची सुरुवात गेमच्या कार्डावर झाली, आणि ते कार्ड एखाद्या विद्यार्थ्याला दुकानातून आणता येत होतं.

२०१८ मध्ये एनव्हिडियाने उलट दिशेचं पाऊल टाकलं. व्होल्टा सर्व्हर चिपसाठी बनवलेले टेन्सर कोअर (सारण्यांचा गुणाकार करणारे भाग) त्यांनी ट्युरिंग पिढीच्या गेमिंग कार्डात घातले. त्या वेळचं वातावरण आठवा. आरटीएक्स २०८० टीआयची चिप ७५४ चौरस मिलिमीटरची, जाहीर किंमत ९९९ डॉलर. आधीच्या १०८० टीआयची ६९९. विक्री सुरू झाली तेव्हा त्यातल्या दुसऱ्या नव्या सोयीचा, रे ट्रेसिंगचा (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचा), एकही गेम नव्हता. नोव्हेंबरात बॅटलफील्ड ५ मध्ये ते आलं, तेव्हा फ्रेम निम्म्यावर आल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच गेममध्ये डीएलएसएसची पहिली आवृत्ती आली आणि चित्र धुरकट झालं. त्या आवृत्तीत प्रत्येक गेमसाठी नेटवर्क वेगळं शिकवावं लागायचं. क्रिप्टोची लाट ओसरून गोदामं भरलेली, त्यात ही नाराजी. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीला तिमाहीच्या उत्पन्नाचा अंदाज २.७ वरून २.२ अब्ज डॉलरवर आणावा लागला. पुढच्याच महिन्यात जीटीएक्स १६६० टीआय आलं, टेन्सर कोअर नसलेलं. म्हणजे एनव्हिडियालाही पुरती खात्री नव्हती. पण त्या १६६० टीआयवर कुडा मात्र चालत होतं.

ट्युरिंग विकत घेणाऱ्याला पहिली दीड वर्षं त्या कोअरचा फारसा उपयोग झाला नाही, हे मान्य करायला हवं. मार्च २०२० च्या डीएलएसएस २.० मध्ये सगळ्या गेमसाठी एकच नेटवर्क आलं. मागच्या फ्रेममधली माहिती आणि प्रत्येक वस्तू कोणत्या दिशेने सरकली याची नोंद वापरून ते चित्र पूर्ण करतं. परफॉर्मन्स मोडमध्ये खरे काढलेले पिक्सेल फक्त एक चतुर्थांश. नवं कार्ड घ्यावं लागलं नाही. २०१८ मध्ये ज्या सिलिकॉनला नावं ठेवली गेली, तेच जागं झालं.

विहिरीचं काय झालं

एएमडीकडे पाणी नव्हतं असं नाही. २०१६ पासून रॉकएम हे कुडाच्या तोडीचं सॉफ्टवेअर होतं, मुक्त स्रोत असलेलं. कुडाच्या धर्तीवरची हिप ही भाषा होती. कुडामॅलॉकच्या जागी हिपमॅलॉक लिहायचं, इतकं साम्य. कागदावर कुडाचा प्रोग्राम एएमडीकडे आणणं म्हणजे नावं बदलणं.

प्रत्यक्षात वाटणीने तीन ठिकाणी खोल भेग पाडली.

पहिली भेग तुकडीची. सीडीएनएने जीसीएनचा ६४ चा वारसा ठेवला, आरडीएनए ३२ वर गेली. धाग्यांनी आपसांत माहिती द्यायची असेल तर तुकडी किती मोठी, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला माहीत असावं लागतं. कुडातून आलेला प्रोग्राम ३२ गृहीत धरतो. तो आरडीएनएवर स्वभावाने बसतो, पण आरडीएनएला रॉकएमचा नीट आधार नव्हता. सीडीएनएला आधार होता, पण तिथे तुकडी ६४ ची. जिथे दार उघडं तिथे उंबरठा उंच, आणि जिथे उंबरठा सपाट तिथे दाराला कुलूप.

दुसरी भेग सारणीच्या गुणाकाराची. सीडीएनएला २०२० मध्ये मॅट्रिक्स कोअर मिळाले आणि त्यांच्यासाठी एमएफएमए या आज्ञा. आरडीएनएला डिसेंबर २०२२ मध्ये तिसऱ्या पिढीत तसलीच सोय आली, पण डब्ल्यूएमएमए नावाच्या वेगळ्या आज्ञांनी. एकाच कंपनीच्या दोन चिपवर, एकाच प्रकारच्या गणितासाठी, दोन वेगळ्या भाषा! न्यूरल नेटवर्कमध्ये बहुतेक वेळ याच गुणाकारात जातो. एका बाजूला महिनोन् महिने घासून पुसून वेगवान केलेला कोड दुसऱ्या बाजूला उपयोगाचा नाही, पुन्हा पहिल्यापासून घासायचा.

तिसरी भेग सगळ्यात साधी आणि माझ्या मते सगळ्यात महाग : अधिकृत यादी. रॉकएम कोणत्या कार्डांवर चालेल याची कंपनी यादी देते. आरएक्स ५७०० एक्सटी त्या यादीत कधी आलंच नाही. एएमडीच्या बाजूला प्रोग्राम त्या त्या चिपच्या भाषेत थेट बांधला जायचा आणि प्रत्येक चिपला स्वतंत्र क्रमांक. ६८०० एक्सटीची चिप जीएफएक्स १०३०, ६७०० एक्सटीची १०३१. दोन्ही सख्ख्या बहिणी, पण सॉफ्टवेअरची ग्रंथालयं (तयार कोडचे संच) १०३० साठीच बांधलेली. मग वापरणाऱ्यांनी युक्ती शोधली : एक सेटिंग बदलून ६७०० एक्सटीला ‘तू १०३० आहेस’ असं सांगायचं. बहुतेक वेळा ते चालायचं! म्हणजे सिलिकॉनमध्ये अडचण नव्हती. कोणीतरी बसून तपासून यादीत नाव घालायचं राहिलं होतं. वापरणाऱ्यांनी चोरवाटेने विहिरीवर जावं, आणि धन्याने ती वाट पक्की करू नये, याचं मला खरंच वाईट वाटतं.

डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सला पायटॉर्चसाठी (न्यूरल नेटवर्क लिहायचं लोकप्रिय सॉफ्टवेअर) अधिकृत आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाला. मधल्या दहा महिन्यांत जगात काय झालं ते सांगायला नको. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ चं. २४ गिगाबाइट मेमरीचं, ९९९ डॉलरचं ते कार्ड भाषा प्रारूपांवर प्रयोग करणाऱ्यांसाठी त्या वर्षी फार उपयोगाचं ठरलं असतं.

ही तिसरी भेग सगळ्यात महाग का म्हणतो? कारण डेटा सेंटरमधली खरेदी करणारा माणूस दहा वर्षांपूर्वी विद्यार्थी असतो, आणि त्याच्याकडे गेमचं कार्ड असतं. पुण्यात सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक बघा. नोव्हेंबर २०२० च्या टॉप ५०० यादीत तो ६३ व्या क्रमांकावर होता, आणि तो एनव्हिडियाच्या ए१०० वर उभा आहे. सांगलीच्या किंवा नांदेडच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या मुलीने जीफोर्स असलेल्या गेमिंग लॅपटॉपवर लिहिलेला कुडा प्रोग्राम त्या यंत्रावर तीच भाषा बोलतो. वसतिगृहातल्या टेबलापासून महासंगणकापर्यंत एकच पायवाट. घरी गेम खेळायला म्हणून घेतलेल्या लॅपटॉपवर रात्री पहिलं नेटवर्क शिकवून पाहणारी मुलं आपल्याकडे थोडी नाहीत. एएमडीच्या बाजूला त्याच मुलीला आरएक्स ५७०० एक्सटीवर सुरुवात करता आली नसती, आणि एमआय१०० तिला दिसलंही नसतं. त्याची किंमत हजारो डॉलरमध्ये होती. फ्रंटियरवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना विहीर होती, कारण त्यांच्यासाठी एएमडीचे अभियंते स्वतः बसले होते. बाकीच्यांना नव्हती.

गेमच्या शेतातही पाणी लागलं

वाटणी करताना एक गृहीतक होतं : सारणीचा गुणाकार हे डेटा सेंटरचं पीक, गेमला त्याची गरज नाही. २०१९ च्या डीएलएसएसकडे पाहून असं वाटणं स्वाभाविक होतं. आणि कन्सोलमुळे ते गृहीतक सिलिकॉनमध्ये गोठलं. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या आरडीएनए २ मध्ये वेगळे मॅट्रिक्स कोअर नाहीत. कन्सोलची पिढी सात-आठ वर्षं टिकते.

मग एएमडीने डीएलएसएसला न्यूरल नेटवर्कशिवाय उत्तर शोधलं. जून २०२१ मध्ये एफएसआर १, पुढच्या वर्षी एफएसआर २. ही तंत्रं कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालायची, जुन्या जीफोर्सवरही. ज्यांना नवं कार्ड परवडत नव्हतं त्यांच्यासाठी ते मोठं काम होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण हाताने लिहिलेल्या नियमांना बारीक तारा, पानं, केस, कारंजी यांत शिकवलेल्या नेटवर्कची बरोबरी जमली नाही. पाने हलताना झिलमिल दिसायची, आणि ती डोळ्यांना खुपायची.

पहिली हालचाल ग्राहकाकडून झाली. सोनीने नोव्हेंबर २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रोसाठी एएमडीच्या चिपमध्ये न्यूरल नेटवर्कच्या गणिताची खास सोय घालून घेतली आणि त्यावर पीएसएसआर हे आपलं चित्र भरून काढणारं तंत्र चालवलं. मार्च २०२५ मध्ये आरडीएनए ४ चं आरएक्स ९०७० एक्सटी ५९९ डॉलरला आलं, आठ बिटच्या दशांश गणितासकट (एफपी८), आणि त्यासोबत न्यूरल नेटवर्कवरचं एफएसआर ४. चित्राचा दर्जा एकदम वर गेला. डीएलएसएस २.० नंतर बरोबर पाच वर्षांनी.

एफएसआर ४ आलं तेव्हा ते आरडीएनए ४ वरच चालणारं होतं. दोन वर्षांपूर्वी हजार डॉलर मोजून ७९०० एक्सटीएक्स घेतलेला माणूस बाहेर राहिला. ट्युरिंगवाल्याला उशिरा का होईना फळ मिळालं, कारण बी आधीच जमिनीत होतं. इथे जमिनीत एफपी८चं बी नव्हतं.

परतीची वाट

डेटा सेंटरच्या बाजूला आकडे असे आहेत. डिसेंबर २०२३ चं एमआय३००एक्स हे कागदावर जबरदस्त यंत्र होतं : १५३ अब्ज ट्रान्झिस्टर, १९२ गिगाबाइट मेमरी, जेव्हा एच१०० ची ८० होती. २०२४ मध्ये एएमडीच्या डेटा सेंटर ग्राफिक्स चिपची विक्री पाच अब्ज डॉलरच्या वर गेली. शून्याजवळून तिथे पोचणं ही मोठी मजल होती. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाच्या डेटा सेंटरचं उत्पन्न ११५.२ अब्ज होतं. हा फरक सिलिकॉनच्या दर्जातला नाही, हे दोन्ही चिप शेजारी ठेवून पाहणाऱ्या कुणालाही कळेल.

म्हणून ह्युइन यांचं बर्लिनमधलं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी कुडावर काम करणाऱ्या लाखो डेव्हलपरचा उल्लेख केला. आरडीएनएमध्ये मेमरीची उतरंड पिढीगणिक बदलत गेलो आणि प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरची घासपूस नव्याने करावी लागली, ही चूक झाली, असं त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. मोठ्या कंपनीतला माणूस रचनेतली चूक इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच सांगतो. पुढच्या पिढ्यांची मागची-पुढची जुळणी आधीच आखून ठेवायची, हा त्यांच्या बोलण्याचा दुसरा भाग होता, आणि माझ्या दृष्टीने नावाच्या बदलापेक्षा तोच जड आहे.

यूडीएनए म्हणजे एकच चिप दोन्हीकडे, असं जर कोणी समजत असेल तर व्हेगा ६४ चे आकडे पुन्हा वाचावेत. सर्व्हरच्या चिपला पडद्याची जोडणी नको आणि गेमच्या चिपला ६४ बिटचं गणित नको, हे २०२० मध्ये खरं होतं, आजही आहे. एकत्र व्हायला हवं ते तुकडीचं माप, सारणीच्या आज्ञा आणि कंपायलरची मधली भाषा. चिप दोन राहू द्यात, चार राहू द्यात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ह्युइन आणि सोनीचे प्लेस्टेशन-रचनाकार मार्क सर्नी यांनी मिळून पुढच्या गेमिंग चिपमधल्या काही कल्पना दाखवल्या. त्यातली एक ‘न्यूरल ॲरे’ : सुटे कॉम्प्युट युनिट जोडून त्यांना एका मोठ्या न्यूरल इंजिनासारखं वापरायचं, म्हणजे नेटवर्कचे छोटे तुकडे करून वाटावे लागणार नाहीत. सर्नी यांनी सांगितलं की हे सगळं सध्या सिम्युलेशनमध्येच आहे. त्याच आठवड्यात एएमडीने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी सहा गिगावॉट वीज लागेल इतक्या चिपचा करार जाहीर केला. २०२६ च्या उत्तरार्धात एमआय४५० च्या पहिल्या एका गिगावॉटपासून त्याची सुरुवात ठरली. गेमचं कन्सोल आणि जगातली सगळ्यात मोठी भाषा प्रारूपं, दोघंही एकाच घराकडे एकाच प्रकारचं गणित मागायला एका आठवड्यात आले.

आरएक्स ९०७० एक्सटी मार्च २०२५ मध्ये विकायला आलं आणि रॉकएमच्या अधिकृत यादीत त्याचं नाव मे महिन्यात लागलं. ७९०० एक्सटीएक्सला दहा महिने लागले होते, याला दोन. पुढचं कार्ड येईल त्या दिवशी मी फ्रेमचे आलेख नंतर बघेन, आधी ती यादी उघडेन.